वाटीवरचं झाकण

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कोल्हापूर
ता. ९ नोव्हेंबर १९७९

चि. सरोजिनी हिस,

आशीर्वाद. सात वर्षांनी तुला पत्र लिहितो आहे. पहिली ओळ लिहिण्यातच दोन कागद वाया गेले. मी आणि तुझी बहीण प्रमोदिनी ठीक आहोत. फौंड्री चालू आहे. ऊसतोडणी सुरू झाल्यामुळे भट्टीवर माणसं कमी पडतात, पण ते दर वर्षीचंच.

तुझी आई, अव्वा, तुझ्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. जाताना "सांजच्या गाडीनं येते" म्हणाली होती. कोडोलीची एस.टी. दिवसातून किती वेळा येते-जाते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे तिची गाडी चुकली असेल असं मी समजत नाही. तिला परत पाठव. पत्राचं कारण एवढंच.

तिनं तुला काय सांगितलं आहे मला माहीत नाही. म्हणून जे झालं ते मीच लिहितो. तिला सहीपुरतं अक्षर येतं, तेव्हा हे तूच तिला वाचून दाखवशील. दाखव.

ऑक्टोबरात मी, अव्वा आणि प्रमोदिनी जपानला गेलो होतो. ओसाकाच्या एका पंपाच्या कंपनीनं आपल्याकडून ओतीव भाग घ्यायचे की नाही, हे ठरायचं होतं. त्या कंपनीचे थोरले साहेब पंच्याहत्तरीचे आहेत. माणसाचं घर बघितल्याशिवाय त्याच्याशी धंदा करायचा नाही, अशी त्यांची रीत. त्यांना तेव्हा एवढा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून त्यांनी आमचं घरच तिकडे बोलावून घेतलं. दुभाषे म्हणून मेहता होते. कोबे गावात तीस वर्षं मोत्यांचा व्यापार करणारे गुजराती जैन. सज्जन माणूस.

लोक परदेशाचं कौतुक करतात. मला तर किळसच आली. विमानातल्या जेवणाला औषधाच्या कपाटासारखा वास. पहिले दोन दिवस प्रमोदिनीनं नेलेल्या दशम्या आणि शेंगाची चटणी यांवर काढले. तिसऱ्या दिवशी कंपनीची मेजवानी. त्या हॉटेलच्या दारात बूट काढले तेव्हाच नाकाला रुमाल लावावासा वाटला. उन्हाळ्यात रंकाळ्याचं पाणी मागं सरल्यावर कडेच्या चिखलाला येतो तसला वास, वर जळक्या तेलाचा. खाली चटया, गुडघ्याएवढी मेजं. माझ्यासारख्या जाड माणसानं तिथं मांडी घालून बसायचं आणि उठताना दोघांनी धरायचं.

मग त्यांनी लाकडी होडीत घालून एक मासा आणला. त्याच्या अंगाचे काप करून ते परत त्याच्याच अंगावर रचलेले. आणि त्याचं तोंड उघडमीट करत होतं. सरोजिनी, तो जिवंत होता. समोरचे साहेब लोक काड्यांनी एकेक काप उचलत होते, मान डोलावत होते, आणि मासा त्यांच्याकडे बघत होता. प्रमोदिनी माझ्या कानात म्हणाली, "अप्पा, त्यो मेलाय हे त्येला कुणी सांगितलं न्हाय वाटतं." मला हसूही आलं नाही. त्यानंतर पायांना बटणं लावल्यासारखा कसला तरी रबरी प्राणी आला. तो चावताना त्यांच्या दातांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आपलं ताट वेगळं, नुसत्या भाजीपाल्याचं, असं आधी सांगितलेलं होतं. त्यांनीही मनापासून केलं होतं. झाकणाची लाकडी वाटी, आत नितळ पाणी आणि त्यात सोयाबीनच्या दुधाचा पांढरा चौकोन, खरवसासारखा. अव्वाला वाटलं, देवानं आपल्यासाठी खरवस पाठवला. तिनं ती वाटी संपवली. आपल्यात ताटात पडलं की तो प्रसाद. शीत टाकायचं नाही आणि शेवटी ताट धुऊन तेही पाणी प्यायचं. हे तुला मीच शिकवलं आहे, प्रसंगी थोबाडीत देऊन. अव्वानं तिथंही तेच केलं. तिथला तो बिनदुधाचा, बिनसाखरेचा हिरवा चहा वाटीत ओतला, खळाखळा फिरवला आणि प्यायली.

त्या लोकांत रिकामी वाटी म्हणजे आणखी वाढा. वाढणारी बाई गुडघ्यांवर सरकत आली, दुसरी वाटी ठेवून गेली. ताटात पडलेलं सोडायचं कसं? अव्वानं तीही संपवली, धुतली, प्यायली. मग तिसरी.

नंतर दोन दिवसांनी कोबेला मेहतांच्या बायकोनं आम्हाला जेवायला बोलावलं. बोलता बोलता ती अव्वाला म्हणाली, "बहन, हम तो बाहर इनका सूप कभी नहीं पीते. सब में मछली का पानी रहता है." अव्वा उठून न्हाणीघरात गेली आणि अर्धा तास बाहेर आली नाही. बरोबर नेलेली दंतमंजनाची डबी तिनं तिथं संपवली.

यात कुणाचा दोष? जपान्यांचा नाही, त्यांना ते मांसाहारात धरायचं असतं हेच ठाऊक नाही. माझाही नाही. मला कुठं ठाऊक होतं? माझं पोट त्या दिवशी बिघडलं होतं म्हणून मी नुसता भात खाल्ला, एवढंच. घरी आल्यावर आपल्या मठाच्या शिवय्यांकडे तिला घेऊन गेलो. त्यांनी विधी केला आणि सांगितलं, "नीलम्मा, नकळत झालं. गळ्यातल्या लिंगाला ठाऊक हाय."

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण आठव्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "मासळीचं पाणी तीन वाट्या पोटात गेलं, तरी माझा देव गळ्यात हाय तसाच हाय. मग सरोच्या घरच्या पाण्यानं काय वंगाळ हुणार हाय? व्हय की न्हाय सांगा." मी काही सांगितलं नाही. ती गेली.

ते थोरले साहेब आता बरे आहेत. ते स्वतः जानेवारीत कोल्हापूरला येणार आहेत. वाटी धुऊन पिणाऱ्या बाईंच्या हातचं त्यांना जेवायचं आहे, तसं त्यांनी कळवलंय. घरात बाईमाणूस नसलं तर मी त्यांना काय दाखवू? प्रमोदिनीच्या भाकऱ्या?

तिला सांग की ती बाटलेली नाही, शिवय्यांनीच सांगितलंय. आणि गाडीत बसवून दे.

हितचिंतक,
चन्नवीर शेटे


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कोल्हापूर
ता. २३ नोव्हेंबर १९७९

चि. सौ. सरोजिनी हिस,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचून पाच दिवस झाले. सात वर्षांनी बापाला लिहिलेलं पत्र पाऊण पानाचं. माझ्यावरच गेली आहेस.

नावाआधी "सौ." लिहायचं राहिलं की मुद्दाम गाळलं, असं तू विचारलंस. मुद्दाम. ते लिहिलं असतं तर लग्न मान्य केल्यासारखं झालं असतं. आज लिहिलं आहे.

तुझ्या पत्रातला पहिला अर्धा मजकूर प्रमोदिनीनं मला मोठ्यानं वाचून दाखवला. तुझ्या यजमानांनी, गणपतरावांनी, शाळेतून येताना अव्वासाठी वारणेचं दही आणलं, तुझ्या सासूबाईंनी, तानाबाईंनी, बाजारातून नवी पातेली आणली आणि त्या म्हणाल्या, "इहीणबाई, भांडी नवी हाईत, चूलबी येगळी मांडते, तुमी काय अनमान करू नगा." अव्वा म्हणाली, "चूल कशाला येगळी? भांडं घासलं की झालं." प्रमोदिनी हे वाचताना हसत होती. मग उरलेला मजकूर तिनं मनात वाचला, कागद घडी घालून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "ह्ये तुमीच वाचा, अप्पा." तेव्हापासून रोज सकाळी चहा ठेवताना विचारते, "उत्तर लिवलं?"

अव्वानं माझं पत्र ऐकलं, माशाच्या गोष्टीला पोट धरून हसली, आणि माझं पोट बिघडल्याचं आलं तिथं तुला थांबवून परत वाचायला लावलं, असं तू लिहिलंस. पुढची तिची वाक्यं तू जशीच्या तशी उतरवली आहेस. मला ती आता पाठ आहेत. "ह्यास्नी इचार, पोट बिघडल्याला माणूस तीन येळा भात मागून घेतो व्हय? आन् वाटीचं झाकण काढल्यालं मी बघितलं, मग परत का ठिवलं? चौतीस वर्सांत ह्या माणसानं ताटात कायबी सोडल्यालं मला ठावं न्हाय."

या पाच दिवसांत तीन उत्तरं लिहिली. एकात वाटीत केस होता. एकात रस्सा फार कढत होता. तिसरं काय होतं ते लिहायचीही लाज वाटते, त्यात मी तुझ्यावरच उलटलो होतो. तिन्ही भट्टीत टाकली. आता चौथं लिहितो आहे.

आधी तू एकटी वाच. मोठ्यानं कुठून वाचायचं ते मी सांगेन.

माझं पोट बिघडलं नव्हतं. अव्वाची पहिली वाटी संपली तेव्हा मी नुकतंच झाकण उचललं होतं. मेहता तोवर वाढणाऱ्या बाईशी काहीतरी बोलत होते. तिनं सांगितलेलं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडे वाकून ते म्हणाले, "सेठ, इस पानी में सूखी मछली का अर्क है. ये लोग इसको गिनते नहीं. बहनजी को बोल दूँ?"

त्याच वेळी अव्वा चहा ओतून वाटी फिरवत होती. आणि थोरले साहेब तिच्याकडे बघत होते. दोन दिवस हा माणूस माझ्याशी दगडासारखा बोलला होता. आमचे नमुने त्यानं हातात घेऊन नुसते खाली ठेवले होते. आता त्यानं काड्या बाजूला ठेवल्या, स्वतःच्या वाटीत चहा ओतला, तसाच फिरवला आणि प्यायला. मग बाकीच्या सहाही जणांनी तेच केलं. मेहतांनी मला भाषांतर करून सांगितलं की त्यांच्या मठातले साधू असंच करतात, आणि साहेबांची आईही करायची, युद्धानंतर अन्न नव्हतं तेव्हा.

मेहता उत्तराची वाट बघत होते. मी म्हणालो, "रहने दो."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी त्यांच्या वाटीला हातही लावला नव्हता. मग त्यांनी मान फिरवली. त्या रात्रीपासून निघेपर्यंत ते मला सेठ म्हणाले नाहीत, शेटेसाहेब म्हणाले.

मी झाकण परत ठेवलं आणि भात मागून घेतला. भातावर प्रमोदिनीच्या पिशवीतलं मेतकूट घातलं. समोर दुसरी वाटी आली. अव्वानं ती तोंडाला लावली. तेव्हा मला काय वाटलं ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. सुटलो, असं वाटलं. तिच्या घशातून तो घोट खाली उतरताना मला दिसत होता, आणि माझं तोंड स्वच्छ आहे याचं मला बरं वाटत होतं. तिसरी वाटी आली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं, आता पुरे म्हणून सांगा की यांना, अशा नजरेनं. मी तिला हातानं खूण केली. घे.

त्या माशाची मला शिसारी आली असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं नाही. पण होडीतल्या माशाला मारणारे लोक तो खात तरी होते. मी न खाता बसलो होतो, आणि माझ्या बायकोकडून माझं काम करवून घेत होतो. ते आठवलं की आता माझ्याच हातचं पाणी मला प्यावंसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम आम्हाला मिळालं. सही करताना साहेब म्हणाले, ज्या घरातली बाई एक थेंब वाया घालवत नाही, त्या घराचं ओतकाम वाया जाणार नाही. मी कमरेत वाकून आभार मानले. त्यांच्या पद्धतीनं. चांगला खाली वाकलो होतो.

तुझ्या लग्नाच्या वेळी मी काय बोललो होतो ते तुला आठवत असेल. ज्या घरात मटण शिजतं त्या घराचं पाणी माझ्या माणसांच्या पोटात जाणार नाही. मी बोललो आणि पाळलं मात्र तिनं. तुझ्या बाळंतपणात ती आली होती ना, तेव्हा उंबऱ्यात बसून, घरून नेलेल्या तांब्यातलं पाणी पिऊन, दुपारच्या गाडीनं परत आली. घरी आल्यावर मी काय विचारावं? बाळ कसं आहे, हे नाही. "तिथलं काही घेतलं न्हाईस न्हवं?" ती म्हणाली, "न्हाय." आणि तांब्या घासायला गेली. ते घर कुणाचं होतं, तिथं तानाबाईंसारखं माणूस होतं, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

शिवय्यांना मी परवा भेटलो. विचारायचं होतं ते विचारलं नाही. नकळत घडलं त्याला दोष नाही, हे ते सांगून चुकले आहेत. कळून घडवणाऱ्याचं काय, हे विचारायला गेलो आणि मठाच्या छपराच्या पत्र्यांबद्दल बोलून परत आलो. म्हणजे अजून पुरता सुधारलो आहे असं समजू नकोस.

एक काम मात्र केलं. मेहतांना पत्र टाकलं. साहेबांना कळवा, बाई घरी नाहीत. का नाहीत तेही सांगा, काही न लपवता. आपला शब्द आहे म्हणून माल वेळेवर जाईल. पण यापुढं त्यांना आमच्याकडून घ्यायचं नसलं तर तसं कळवावं, माझी तक्रार नाही. पत्र टपालात टाकून आलो तेव्हा आपले जुने मिस्त्री पिराजी फाटकात उभे होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मालक, मग जानेवारीपासनं भट्टी थंड करायची म्हणा की." मी म्हणालो, असंही होईल. त्यांनी पायानं वाळू सारली. मग म्हणाले, "वैनींना ठावं हाय का ह्ये?" मी म्हणालो, अजून नाही. "मग आदी त्यास्नी सांगायचं सोडून जपानला कशाला कळवत बसला?"

त्यांचं बरोबर आहे. सरोजिनी, इथून पुढं मोठ्यानं वाच. तानाबाई आणि गणपतराव तिथं असले तरी चालेल. असलेलेच बरे.

नीलम्मा,

चौतीस वर्षांत तुला पत्र लिहायची कधी वेळ आली नाही. तू कुठं गेलीच नाहीस. नेसरीला तुझ्या अक्काकडे जायचीस तेही मी गाडीत बसवून द्यायचो आणि मीच आणायला यायचो.

तू विचारलंस त्याचं उत्तर: मला ठाऊक होतं. पहिल्या वाटीला नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटीला ठाऊक होतं. परतीच्या विमानात तू मला एकदाच विचारलंस, "तुमास्नी ठावं न्हवतं न्हवं?" आणि मी नाही म्हणालो. ते खोटं. शिवय्यांसमोर तू हात जोडून बसलीस तेव्हा मी मागं उभा होतो, एक अक्षर बोललो नाही. तेही खोटंच. तुझ्या गळ्यातल्या देवाला काही झालेलं नाही, हे तू त्या सकाळी म्हणालीस ते बरोबर होतं. माझ्याकडून उत्तर आलं नाही, कारण उत्तर दिलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

परत ये असं या पत्रात लिहिणार होतो. लिहिलं आणि खोडलं. आता मी बोलावून तू यावंस असं मी काही ठेवलेलं नाही. तिथं राहायचं असलं तर राहा. तुझी लुगडी आणि पूजेचं सामान घेऊन प्रमोदिनी २ डिसेंबरच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येईल. तिच्याबरोबर मी यायचं की नाही हे तू ठरव. नको म्हणालीस तर मी तिला स्टँडवर सोडून फौंड्रीत जाईन. विचारणार नाही, दुसऱ्या कुणाकरवी निरोप धाडणार नाही.

तुझा निरोप लिहायला सरोजिनीला पोस्टकार्ड पुरेल.

गणपतरावांना आणि तानाबाईंना माझा नमस्कार. तो सात वर्षांपूर्वी सांगायचा होता.

सरोजिनी, तुझा, आणि तिची ना नसेल तर तिचाही,

चन्नवीर